नावं ठेवणारे साळवी

आमच्या बी विंगमधले साळवी चिडले की समोरच्याला ‘डिव’ म्हणतात.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते मीरा रोड स्टेशनबाहेर, शेअर रिक्षात. रिक्षावाल्याने मागे आम्हाला दाटीवाटीने बसवलं, स्वतःच्या शेजारी पुढे एकाला चिकटवलं, आणि कुणाचा तरी मिक्सरचा खोका उचलून साळवींच्या मांडीवर ठेवला. साळवी कडाडले, “अरे, डिव आहेस काय तू? सगळं एकातच कोंबायचं?”

रिक्षावाला मागे वळून नम्रपणे म्हणाला, “देव नहीं साहब, मुन्ना. देव मेरा भांजा है, वो दूसरी गाडी चलाता है.”

उतरल्यावर साळवी मला म्हणाले, “माधुरीताई, माणूस वाईट नाही हो. त्याला स्ट्रक्चर नाही.”

डिव म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता आहे. साळवींच्या शेजारी राहायचं आणि ते शिकायचं नाही, हे शक्यच नाही. साळवी मालाडला एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवतात. वेबसाइटचं पान लिहिताना म्हणे प्रत्येक भागाला एक खूण लावतात, तिला टॅग म्हणतात. पानाचं डोकं म्हणजे हेडर, पाय म्हणजे फुटर, इकडून तिकडे जायच्या वाटा म्हणजे नॅव, मुख्य मजकूर म्हणजे मेन, बाजूला काढून ठेवलेलं ते असाइड. आणि ज्याला काहीच नाव नाही, असा नुसता डबा म्हणजे डिव. घाईतली माणसं सगळं पान डिवनीच रचतात. बघणाऱ्याला काही फरक पडत नाही, पान तेवढंच रंगीत दिसतं. साळवींना मात्र फरक पडतो आणि त्यांचा रक्तदाब वाढतो.

“नाव द्या हो, नाव!” हे त्यांचं पालुपद. “तुमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर, साखरेच्या डब्यावर, रव्याच्या डब्यावर नुसतं ‘डबा’ असं लिहाल का?”

“मी काहीच लिहीत नाही. मला माहीत असतं.”

“तुम्हाला असतं. पाहुणा आला तर?”

“पाहुण्याला मी साखर शोधायला लावत नाही.”

यावर ते म्हणाले, “तुमचं घर क्लोज्ड सोर्स आहे. आतलं बाहेरच्याला कळूच द्यायचं नाही.”

या योग्य नाव देण्याच्या शास्त्राला सिमँटिक म्हणतात. साळवी हा शब्द उच्चारताना किंचित डोळे मिटतात. आमचे सेक्रेटरी जयेशभाई यांना त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की सोसायटीत सिमँटिक काहीच नाही, तेव्हा जयेशभाई दुखावले. “क्या बात करते हो साळवी, पूरी बिल्डिंग का सिमेंट का काम मैंने खडे रहके करवाया.”

याच जयेशभाईंच्या मुलीचं लग्न भाईंदर पश्चिमेला एका मैदानावर होतं. जेवणाचे इतके काउंटर, की चाट कुठे संपतं आणि पास्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. साळवी हातात रिकामी प्लेट घेऊन मैदानभर हिंडले. शेवटी त्यांनी नवरीच्या मामांना गाठलं. “इधर नॅव किधर है?”

“नव वागे, नव वागे,” मामा घड्याळ दाखवत म्हणाले, “नौ बजे सब चालू. तब तक स्टार्टर लो ने.”

नंतर ताट वाढलं तर त्यांनी लोणचं, पापड, चटणी असं सगळं चमच्याने ताटाच्या कडेला ढकललं आणि मधे वरणभाताला जागा केली. “एका पानात एकच मेन असतं,” त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला समजावलं. त्या माणसाच्या पानात उंधियु होता, सगळ्या भाज्या एकात. साळवींनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं.

घरी तर विचारू नका. चपलांचा रॅक हा हेडर, गॅलरी हा फुटर. बायकोने, म्हणजे आमच्या रेखावहिनींनी, एकदा भर पाहुण्यांत विचारलं, “आनि मी कोन? असाइड?”

साळवींनी हात जोडले. “तू डॉक्टाइप. पानाच्या सगळ्यात वर ती ओळ लिहिल्याशिवाय पान सुरूच होत नाही.”

“बघा,” वहिनी म्हणाल्या, “लग्नाला एवढी वर्षं झाली, आनि मला ओळ म्हनतात.”

रेखावहिनींचं माहेर राईचं, खाडीकाठचं. एरवी त्या तुमच्या-आमच्यासारखंच बोलतात, पण चिडल्या किंवा रंगात आल्या की ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बाहेर पडतं. आणि वहिनी बहुतेक वेळ रंगात असतात. बी विंगच्या खालच्या बाकावर सकाळी वहिनी बसल्या की आमच्या इमारतीचा दिवस सुरू होतो. लिफ्ट कधी बंद, पाणी कधी नाही, पेस्ट कंट्रोल कुठल्या मजल्यावर, सगळं त्यांना ठाऊक. लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड आम्ही कुणीच वाचायचो नाही. वहिनी वाचायच्या आणि आम्हाला सांगायच्या. बोलताना त्या तुमच्याकडे न बघता तुमच्या खांद्यापलीकडे बघतात. आम्ही म्हणायचो, बाईचं एक लक्ष पुढच्या गिऱ्हाइकावर असतं.

तर अशात, वहिनी काही दिवस खाली दिसत नव्हत्या तेव्हा, जयेशभाईंच्या डोक्यात आलं की सोसायटीची वेबसाइट हवी. ग्रुपवर सुप्रभातचे फुलांचे फोटो इतके पडतात की पाण्याची सूचना त्याखाली पुरली जाते, हे खरंच होतं. मी कमिटीवर होते आणि मागे एकदा ऑनलाइन कोर्स केला होता, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. मी चार रविवार घालवून साइट बनवली. वर कमळांचं तळं, मधून सरकणारी अक्षरं, आणि नोटिसा जशा छापील होत्या तशा फोटो काढून लावलेल्या. जयेशभाई म्हणाले, “फर्स्ट क्लास. पाच तारांकित हॉटेल लागतंय.”

साळवींनी पानाच्या आतलं उघडून बघितलं आणि खुर्चीत बसले. बसलेच होते, पण आणखी बसले.

“माधुरीताई, डिवमध्ये डिव, त्यात डिव, त्यात डिव. हे पान आहे की बोहारणीच्या डोक्यावरची भांडी? आणि हे काय? नोटिशीचा फोटो?”

“छान दिसतो ना?”

“दिसतो! नुसता दिसतो!” असं ओरडून ते घरी निघून गेले. आणि कमिटीची मीटिंग बोलवा असा अर्ज दिला.

ती मीटिंग आमच्याकडे अजून आठवली जाते. मीटर रूमशेजारच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही जमलो. जयेशभाई अध्यक्षस्थानी, टिफिनचा व्यवसाय करणाऱ्या पिल्ले आंटी, गुडघ्यांनी त्रासलेले फर्नांडिस अंकल, आणि आरोपी म्हणून मी.

“साळवी, एक बात बताओ,” जयेशभाई म्हणाले, “तुम्हारा नाव दिया हुआ और माधुरीबेन का बिना नाव का, दिखने में तो सेम है ने?”

“सेम.”

“तो फिर प्रॉब्लेम क्या है?”

“तेच प्रॉब्लेम आहे,” साळवी म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि उठले. “असं नाही समजणार. आपण पान करून बघू. सगळे उठा.”

त्यांनी टेबल भिंतीला लावलं आणि आम्हाला उभं करायला सुरुवात केली. पिल्ले आंटींना खिडकीकडे ढकललं. “आप असाइड.”

“अय्यो, मैं साइड में क्यों? मैं हर मीटिंग में टाइम पे आती!”

“असाइड में जाहिरात आती है, आंटी. आपके टिफिन की.”

पिल्ले आंटी आपण होऊन आणखी थोड्या खिडकीकडे सरकल्या.

“फर्नांडिस अंकल, तुम्ही फुटर. खाली बसा.”

“माय सन, बसेन. पण मग उठणार कोण?”

“फुटर उठत नसतो.” अंकल बसले. मला साळवींनी दारात उभं केलं आणि हात पसरायला लावले, मी नॅव होते, वाटा दाखवत होते. मग त्यांनी कुंडीतलं रोप मधोमध आणून ठेवलं. “हे मेन. पाण्याची नोटीस.”

“एक मिनिट,” जयेशभाई पुढे आले. “मैं सेक्रेटरी हूं. मेन तो मैं हुआ ने.”

सगळ्यांनी साळवींकडे पाहिलं. सगळं या एका उत्तरावर अडलं होतं हे मलासुद्धा कळलं.

“नाही जयेशभाई,” साळवी हळूच म्हणाले. “तुम्ही हेडर.”

“हेडर मतलब?”

“सबसे ऊपर. हर पेज पे. पहले आप, बाद में बाकी दुनिया.”

जयेशभाईंनी शर्ट खेचून नीट केला, दोन पावलं मागे गेले आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले. “पास,” ते म्हणाले. “ठराव पास. माधुरीबेन, साळवी बोलेगा वैसा करो.” फर्नांडिस अंकलना उठवायला मात्र आम्ही तिघं लागलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी साळवी माझ्या जेवणाच्या टेबलावर. ते कोड मला लिहायला लावायचे, स्वतः चहा पीत छळायचे. मी मोठ्या मथळ्यानंतर मधली पायरी गाळून एकदम लहान मथळा घातला तर, “मधला जिना कुणी पळवला? माणूस उडी मारेल का?” मी एका रंगीत चौकोनाला दाबायची सोय केली तर, “हे बटण आहे? बटणाचे कपडे घालून आलेला डिव आहे हा! तोतया! हाकला त्याला!” कमळांचं तळं त्यांनी ठेवू दिलं, पण त्याखाली ‘कमळांचं तळं’ असं शब्दांत लिहायला लावलं. म्हटलं, “दिसतंय की ते.” तर म्हणाले, “असू दे हो. तळ्याला वाईट वाटेल.”

नोटिशीला नुसतं ‘नोटीस’ असं नाव दिलेलं त्यांना चालायचं नाही. “काय आहे ते नावात सांगा. ‘बुधवारी पाणी नाही’. संपलं. मथळा वाचला की कळलं पाहिजे.” आणि सूचना लावायची ती सकाळीच, खाली गर्दी व्हायच्या आत. नाहीतर फोन यायचा, “लावली का हो?”

साइट सुरू झाली. कुणीही ती बघितली नाही. का बघतील? बाकावर वहिनी परत आल्या होत्या. मी साळवींना चिडवलंसुद्धा, “तुमच्या सिमँटिकपेक्षा वहिनी फास्ट आहेत.” मला वाटलं, आता मला डिव म्हणतील. तर हा माणूस खुदकन हसला आणि म्हणाला, “आहेच ती फास्ट.” आणि वर आणखी एक कप चहा मागितला.

मग गटाराचा दिवस आला.

बी विंगच्या दारासमोरचं गटार तुंबलं होतं. सकाळी माणसं येऊन वरच्या लाद्या काढणार, म्हणून सगळ्यांनी मागच्या गेटने जायचं, अशी सूचना होती. ती जयेशभाईंनी स्वतः लावली. पासवर्ड त्यांच्याकडेही होता, आणि आपण हेडर असून आपली सही साइटवर कुठेच दिसत नाही हे त्यांच्या मनात सलत होतं. म्हणून त्यांनी लेटरहेडवर सूचना लिहिली, सही केली, शिक्का मारला, आणि तिचा फोटो काढून टाकला.

मी ऑफिसला निघाले होते. सवयीने पुढच्याच दाराशी आले, तर लाद्या काढलेल्या, काळं पाणी उघडं, कामगार पलीकडे चहा घेत बसलेले. वहिनी माझ्या पुढे होत्या, हातात दुधाची रिकामी किटली, नेहमीसारख्या तरातरा गेटकडे चाललेल्या. मला वाटलं, वळतील आता. त्या वळल्या नाहीत. माझ्या तोंडून हाक निघायच्या आत जिन्यात धडधड ऐकू आली.

साळवी. कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस, पायात काही नाही. “रेखा! थांब! रेखा!” असं ओरडत ते माझ्या अंगावरून गेले आणि त्यांनी वहिनींचं कोपर धरलं. वहिनींची एक चप्पल गटारात पडली. पाय राहिला.

इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. साळवींनी वर पाहिलं. धापा टाकत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बायकोला म्हणाले, “म्हशीचं आण!”

“काय?”

“दूध. गाईचं नको. म्हशीचं आण. सांगायचं राहिलं होतं.”

वहिनींनी किटली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, “म्हशीचंच आनते रोज. जा वर, लोक बघतायत.”

साळवी वर गेले नाहीत. “चल, मीच येतो,” म्हणून त्यांनी कोपर न सोडता वहिनींना गटाराला वळसा घालून नेलं, मागच्या गेटमधून, थेट रस्त्यापलीकडच्या डेअरीपर्यंत. टॉवेलवर. फेस सुकून डोक्यावर पांढरा झाला होता. वहिनी एका पायाने अनवाणी चालत होत्या आणि त्यांना शिव्या देत होत्या. सगळी इमारत पोट धरून हसत होती. मीही हसत होते, पण मग हसता हसता थांबले.

कामगाराकडून काठी घेऊन मी चप्पल बाहेर काढली, नळाखाली धुतली आणि वर घेऊन गेले. दार उघडंच होतं. आतून साळवींच्या अंघोळीचा दुसरा अंक ऐकू येत होता. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, कानाशी फोन. फोनमधली एक बाई सपाट आवाजात बोलत होती, “इमेज. इमेज. शीर्षकं संपली.”

“वहिनी, चप्पल.”

त्या दचकल्या. मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाल्या, “माधुरी आहेस होय. बस. तुला कळलं ना?”

मी बसले.

“डोळ्यांच्या मधोमध धूर आहे. कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तू न्हाय. खिडकीकडे बघितलं की थोडीशी हाय.” त्या हसल्या. “डॉक्टर म्हनाले, असंच राहनार. चालता येतं, सैपाक होतो. वाचता येत न्हाय. ही आता माझं वाचते.” त्यांनी फोन वर केला. “मी हिला सवत म्हनते. बोलते कशी बघ, नाकातून.”

“कधीपासून?”

“झाली वर्षं. नोटीस बोर्ड दिसेनासा झाला तेव्हा मी खाली जायचंच बंद केलं होतं. लोक विचारनार, वहिनी काय लिहिलंय, आनि मी काय सांगू? तेव्हा ह्यांनी जाऊन त्या जयेशभाईच्या डोक्यात वेबसाइट भरवली. मला म्हनाले, बोर्ड तुझ्या हातात आनून देतो.” त्यांनी बोट फोनवर फिरवलं. “बाकी कुठल्या साइटवर गेले की मी हरवते बघ. सवत नुसती ‘लिंक, लिंक, बटन, लिंक’ म्हनत बसते. कुठं आत, कुठं भाहेर, काय समजत न्हाय. आपल्या सोसायटीत मातर नावावरून नावावर उडी मारत जाते. डोळे मिटून फिरते. आज कायतरी आलंय एवढं कळलं, फोटो हाय म्हनाली, आनि गप बसली. मी ह्यांना हाक मारून विचारलं आत, काय हाय रे फोटोत, आनि हे भाहेर येऊन बघायच्या आत उतरले.”

आतून पाण्याचा आवाज थांबला होता. वहिनींनी आवाज खाली आणला.

“तुला वाटत असेल, हे जन्मापासून असे हायत. न्हाय. लग्न झालं तेव्हा हेच सगळ्यात जास्त डिव टाकायचे. ऑफिसात सगळ्यात फास्ट. दिसतंय ना नीट, मग झालं, असं म्हनायचे. मला दिसेना झालं आनि हे स्लो झाले.” त्यांनी चप्पल चाचपून पायात घातली. “कुनाला बोलू नकोस. कळलं की सगळे बसा वहिनी, उठू नका वहिनी करतील. मला खुर्ची देतील, बातमी विचारनार न्हाईत. आनि ह्यांना तर बिलकूल सांगू नकोस तुला कळलंय म्हनून. त्यांना वाटतंय, म्हशीचं दूध लोकांना पटलंय.”

साळवी बाहेर आले. कपडे घातलेले, भांग पाडलेला. मला बघून म्हणाले, “माधुरीताई, त्या जयेशभाईंना सांगा, फोटो लावायचा नाही म्हणून. स्टँडर्ड म्हणून काही असतं की नाही?”

“असतं,” मी म्हटलं. “काय माणूस आहे, अगदी डिव.”

“डिवच,” साळवी समाधानाने म्हणाले.

जयेशभाईंकडून मी पासवर्ड काढून घेतला. हेडरने असली खालची कामं करायची नसतात एवढं सांगितलं, तर लगेच दिला.

पुढच्या आठवड्यात टाकी धुवायची होती. मी सकाळी उठल्या उठल्या सूचना लावली, नाव घालून, शब्दांत, सगळे जिने जागच्या जागी ठेवून. मग तयार होऊन खाली उतरले. वहिनी बाकावर होत्या.

“माधुरी, चाललीस? शनिवारी टाकी धुनार हायत. आदल्या रात्रीच भरून ठेव.” त्या माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होत्या, म्हणजे मला नीट बघत होत्या.

“अगंबाई, हो? मला माहीतच नव्हतं.”

“तुला कसं माहीत असनार? तू ऑफिसवाली.”

“बरं झालं सांगितलंत.”

मागून पिल्ले आंटी आल्या, “क्या बोली, क्या बोली?” आणि वहिनी त्यांच्याकडे वळल्या. पलीकडे स्कूटरपाशी साळवी उभे होते. हेल्मेट घातलेलं, बॅग खांद्याला, ऑफिसला उशीर झालेला. रुमालाने ते स्कूटरचा आरसा पुसत होते. आरसा स्वच्छ होता. पिल्ले आंटींचं सांगून झालं, मग काठी टेकत फर्नांडिस अंकल आले, त्यांना मोठ्याने पुन्हा पहिल्यापासून सांगून झालं, तोवर साळवी पुसत राहिले. मग त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि स्कूटर सुरू केली.